शेजारच्या ताटातली करंजी

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आपल्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. मुसलमान आई-वडिलांनी सावध राहावं, नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे मुलांना पाठवू नये, त्यांच्याकडून आलेलं ताट परत करावं, नाहीतर मुलांचं ईमान धोक्यात येईल, असा त्याचा मजकूर. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. पुढे पाठवणारे मात्र आपल्याच ओळखीचे असतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते. वाक्य कुणाला उद्देशून आहे आणि त्याचा परिणाम कुणावर होतो, हे बघायची मला सवय आहे. म्हणून या संदेशाबद्दल स्पष्ट लिहिते.

आधी हे शेजारी कोण ते पाहू. आपली निगडी कारखान्यांमुळे वाढली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आली, बजाज आली. नगर, सोलापूर, मराठवाड्यातून माणसं कामाला आली. त्यांत आपले लोक होते, तसे नगरकडचे ख्रिस्तीही होते. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं आणि 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक १८४२ साली तिथूनच निघालं. त्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांमध्ये छापलं गेलं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याशिवाय मराठी साहित्याचा इतिहास शिकवता येत नाही. थोडक्यात, ही माणसं आपल्याइतकीच इथली आहेत. आणि एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते: नगरकडची ख्रिस्ती मंडळी एकमेकांना भेटल्यावर 'सलाम' म्हणतात.

त्यांच्या घरातली २५ डिसेंबरची सकाळ कशी असते? दारावर आदल्या दिवसांपासून चांदणी लटकत असते. मुलांना लवकर उठवून अंघोळ, नवे कपडे, मग चर्चमध्ये मराठी उपासना, पेटी-तबल्यावर ख्रिस्तजन्माची गाणी. घरी आल्यावर फराळ: करंजी, चकली, शेव, लाडू, आणि आता केकही. मग आई ताटं भरते, वर रुमाल झाकते आणि शेजाऱ्यांकडे पोहोचवायला मुलांच्या हातात देते. घरातल्या लहानांना त्या दिवशी मिळणारं हे सगळ्यात मानाचं काम.

आता तो संदेश पुन्हा वाचा. 'ताट परत करा.' कुणाच्या हातात? नवा फ्रॉक घालून, दोन्ही हातांनी ताट सांभाळत जिना चढून आलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात. ती मुलगी घरी जाऊन आईला काय सांगेल? आणि दाराआड उभं राहून हे सगळं पाहणारं आपलं लेकरू काय शिकेल? अकीदा तर त्या वयात दोघांनाही कळत नाही. 'हे आपले नाहीत' एवढं मात्र दोघांनाही पक्कं कळतं.

धर्माचं म्हणाल तर धर्मातच बोलू. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत अहले किताबचं अन्न आपल्यासाठी हलाल ठरवलं आहे. सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत सांगितलं आहे की जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यापासून अल्लाह रोखत नाही. केकमध्ये दारू असेल ही शंका असेल तर विचारा. शेजाऱ्याला विचारायला लाज कसली? करंजीत तर खोबरंच असतं.

मतभेद आहे, तो मी लपवत नाही. आपण हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे पैगंबर मानतो, पुत्र नाही. हा फरक लहान नाही आणि मुलं मोठी झाली की त्यांना तो नीट सांगायलाच हवा. पण नजरानचे ख्रिस्ती मदीनेत आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांची त्यांच्याशी याच मुद्द्यावर चर्चा झाली, आणि त्यांना मशिदीतच त्यांची प्रार्थना करू दिली, असं सीरतच्या ग्रंथांत आहे. मतभेद आणि मेहमाननवाजी दोन्ही एका छताखाली राहिले. तोंडी शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर उलेमांत दुमत आहे. ज्याला जे पटेल ते त्याने करावं. पण शेजारच्या लेकराचा अपमान करावा, यावर कुणाचंच एकमत मला दाखवता येणार नाही.

आता आपल्या दुटप्पीपणाकडे येऊ. ईदच्या सकाळी आपण शिरखुर्म्याचे डबे घेऊन मुलांना शेजारीपाजारी पाठवतो. कुणी दारातूनच 'आम्ही तुमच्याकडचं खात नाही' म्हटलं की ते आपल्याला वर्षभर सलतं. त्यावर आपण लेख लिहितो, भाषणं करतो. मग नाताळला तेच आपण केलं तर त्याला दीनदारी कसं म्हणायचं?

दुसरी गंमत पाहा. ज्या घरात करंजी चालत नाही, त्याच घरातली मुलं मॉलमध्ये लाल टोपी घालून सांताक्लॉजबरोबर फोटो काढतात आणि तो फोटो आई-वडिलांच्या स्टेटसवर झळकतो. 'तशब्बुह' म्हणजे परक्यांची नक्कल हा तुमचा आक्षेप असेल, तर तो बाजारातल्या टोपीला आधी लागू होतो, शेजारणीच्या ताटाला नाही. बाजाराचा नाताळ चालतो आणि माणसांचा चालत नाही, हा कुठला तकवा?

आणि काळ कसा आहे तेही विसरू नका. २०२१ साली आग्र्यात सांताक्लॉजचे पुतळे जाळले गेले. जाळणाऱ्यांच्या यादीत आपलंही नाव आहे, हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी ख्रिस्ती शेजाऱ्याला आपणही दार बंद केलं, तर उद्या आपलं दार कोण ठोठावणार?

म्हणून घरात लहान मुलं असलेल्या आई-वडिलांना माझं सांगणं आहे: या २५ डिसेंबरला सकाळी मुलांना जवळ बसवा आणि सूरह मरयममधली हकीकत सांगा. एकट्या पडलेल्या बीबी मरयम, खजुराचं झाड, प्रसूतीच्या कळा, आणि अल्लाहने त्यांना खायला दिलेला ताजा खजूर. हीच सूरह हजरत जाफर (रजि.) यांनी हबशाच्या ख्रिस्ती बादशहापुढे वाचून दाखवली होती, आणि ती ऐकून त्याने मक्केहून परागंदा झालेल्या मुसलमानांना आसरा दिला, हेही सांगा.

मग दाराची घंटी वाजेल. ताट तुमच्या मुलाला घेऊ द्या. भरलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं, हे तुमच्या-माझ्या आज्यांनी शिकवलेलंच आहे. ते धुऊन त्यात मूठभर खजूर घाला आणि तुमच्या मुलाच्याच हाती परत पाठवा. तिकडे दार उघडलं की काय म्हणायचं, हे त्याला शिकवावं लागणार नाही. दोन्ही घरांत शब्द एकच आहे: सलाम.