बुडी आपल्या पोराची, मोती कोणाचा?

राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहिले की अलीकडे एक प्रश्न हमखास कानावर पडतो. मुंबई-पुण्याहून आलेले कुटुंब जंजिऱ्याची होडी ठरविता ठरविता विचारते, "इथे स्कूबा होतो का?" गेल्या मोसमात आमच्या समोरच एका तरुणाने हे विचारले. सुकाणूजवळ बसलेल्या बुजुर्ग तांडेलांनी शांतपणे सांगितले, "नाही साहेब. इथे पाण्यात हात घातला तर हात दिसत नाही. त्यासाठी मालवणला जा." गिऱ्हाईक हसले, होडीत बसले, किल्ला पाहून निघून गेले.

तांडेलांचे उत्तर खरे होते. मालातला दोष सांगून माल विकावा ही व्यापाराची जुनी रीत. ती पाळलेली पाहून आम्हास बरेही वाटले. परंतु वाचक बंधूंनो, ते कुटुंब पुढच्या सुट्टीत मालवणला गेलेच असेल, आणि जंजिऱ्याच्या होडीच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे त्याने अर्ध्या तासाच्या बुडीसाठी मोजले असतील. त्या पैशात रायगडच्या दर्यावर्दी लोकांचा वाटा किती, हा प्रश्न आम्ही आज मांडू इच्छितो.

प्रथम आपल्या पाण्याविषयी. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घेत फिरणे. फ्रान्समधील कुस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली त्याचे आजचे साधन तयार केले. या खेळाचा सारा जीव नितळ पाण्यात आहे. आपल्याकडे राजपुरीची खाडी, रेवदंड्याची खाडी, धरमतरची खाडी गाळ आणून किनाऱ्यावर ओततात. तळ चिखलाचा, भरती-ओहोटीचा ओढ जबर. उधाणाच्या दिवसांत तर पाणी चहासारखे होते. भांगाच्या दिवसांत थोडे निवळते, पण तेवढ्यावर धंदा उभा राहत नाही. पद्मदुर्ग असो, खांदेरी असो की उंदेरी, किल्ले पाहण्यासारखे आहेत, त्यांच्या पायथ्याचे पाणी पाहण्यासारखे नाही. खांदेरीचे नाव तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे गर्दी वाढेल, वाढावी. तथापि कोणी "मुरूड स्कूबा" अशी पाटी लावून गिऱ्हाईक गाळात उतरवू लागला, तर एका मोसमात साऱ्या किनाऱ्याचे नाव खराब होईल. हा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिंधुदुर्गात स्थिती वेगळी आहे. मालवणचा तळ खडकाळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या माणसांनी तेथील मच्छीमारांच्या पोरांना हे काम शिकविले, आणि जी पोरे काल जाळी ओढत होती ती आज पर्यटकांचा हात धरून त्यांना मासे दाखवितात. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' नौका निवतीजवळच्या समुद्रात ठेवून तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याचे कामही शासनाने हाती घेतले. म्हणजे हा धंदा चार दिवसांची हौस राहिलेला नाही. गोवा, कर्नाटकातील मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट, अंदमान, लक्षद्वीप, सगळीकडे शिकलेला माणूस लागतो. लक्षद्वीपची वस्ती तर जवळजवळ सगळी मुस्लिम, पिढीजात धंदा नारळाचा आणि ट्यूना मासळीचा. तेथील कदमत, बंगाराम ही छोटी बेटे आज स्कूबाच्या सुट्टीसाठी ओळखली जातात.

तेव्हा आपली पोरे तिकडे शिकायला जावीत, हे सांगणे सोपे आहे. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. शिकून ती कोणत्या हिशेबाने काम करणार?

येथे थोडे आखाताकडे वळावे लागेल. कोकणातील क्वचितच एखादे मुस्लिम घर असेल ज्याचा कुवेत, बहरीन, दुबईशी संबंध नाही. पण तेलाचा पैसा येण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरचा मोठा धंदा बुडीचाच होता, हे आपल्या तरुणांना फारसे ठाऊक नसते. उन्हाळ्यात शेकडो गलबते मोत्यांच्या शिंपल्यांसाठी निघत. गवास म्हणजे बुडी मारणारा. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला किंवा हाताला दोर, आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास. वर दोर धरणारा सैब त्याला खेचून घेई. दिवसभरात अशा कित्येक बुड्या. मोती जाई व्यापाऱ्याकडे, तेथून पुष्कळसा आपल्या मुंबईच्या बाजारात.

आणि गवासाकडे काय येई? कर्ज. मोसम सुरू होण्याआधी घरखर्चासाठी नाखुदा उचल देई, मोसम संपल्यावर वाट्यातून ती वळती होई, आणि बहुधा काही बाकी राहूनच जाई. ती बाकी पुढच्या वर्षी चढे. बाप मेला तर मुलाच्या डोक्यावर येई. हिशेब नाखुदाच्या वहीत, आणि गवासाला वाचता येत नसे. अखेर १९२० च्या दशकात बहरीनमध्ये सुधारणा करून प्रत्येक गवासाला त्याच्या हिशेबाची स्वतंत्र वही द्यावी लागली. पुढे जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती बाजारात आले, १९२९ नंतरची जागतिक मंदी आली, आणि तो धंदाच बसला. दर्यात जीव धोक्यात घालणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या देणेकरीच राहिला. खोल पाणी त्याचे, मोती दुसऱ्याचा.

आजच्या स्कूबात उचल आणि दगड नाहीत हे खरे. परंतु ज्याच्या मालकीचा कॉम्प्रेसर, ज्याची सिलिंडरे, ज्याच्या नावावर परवाना आणि ज्याच्या फोनवर मुंबईचे बुकिंग येते, त्याचाच गल्ला भरतो. बुडी मारणारा पोरगा मोसमात दिवसाला अनेक फेऱ्या करतो आणि पगार किंवा फेरीमागे ठरलेली रक्कम घेतो. पावसाळ्यात तोही नाही. कान दुखला, सर्दी झाली तर पाण्यात उतरता येत नाही, त्या दिवसाचे पैसे गेले. शरीराची उमेद दहा-पंधरा वर्षांची, तोवर हाती काही मालकी आली नाही तर पुढे काय?

आपल्याकडे याला जुना उपाय आहे, आणि तो कोण्या परदेशी पुस्तकातला नाही. मासेमारीच्या होडीवर मासळी विकून डिझेल-बर्फाचा खर्च वजा केला की उरलेल्याचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. मासळी आली तर सगळ्यांना, नाही आली तर कोणालाच नाही. हीच पद्धत या नव्या धंद्यात का येऊ नये? चार-पाच घरांनी मिळून उभारावे. एकाची होडी, एकाचे भांडवल, दोघा-तिघांचे शिक्षण आणि अंगमेहनत, एकाचा हिशेब. वाटे आधी कागदावर ठरवावेत आणि वही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. नफा-तोटा दोन्ही वाटून घेण्याची ही भागीदारी असल्याने, व्याजाच्या कर्जापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनाही तीत पैसा घालण्यास अडचण नसावी.

भांडवल नाही, असे कोणी म्हणेल. श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत एक फेरी मारावी. आखातात आयुष्य घालवून बांधलेले दुमजली बंगले, वर्षाचे अकरा महिने कुलूप. आम्ही कोणाच्या घराला नावे ठेवत नाही. परंतु एका बंगल्याच्या वरच्या मजल्याच्या खर्चात एक चांगला कॉम्प्रेसर आणि काही सिलिंडरे येऊ शकतात, एवढेच सुचवितो.

आता कारागीर बंधूंसाठी, कारण आमच्या मते खरी संधी त्यांची आहे. या धंद्यात विकली जाते ती हवा. पंक्चरवालाही हवाच विकतो; मोटारीच्या चाकात तो तीसेक पौंड दाब भरतो. स्कूबाच्या सिलिंडरात सुमारे तीन हजार पौंड, म्हणजे शंभरपट. त्यासाठी उच्च दाबाचा, श्वासाच्या हवेसाठीच बनविलेला कॉम्प्रेसर लागतो, त्याला गाळण्या असतात, त्या वेळेवर बदलाव्या लागतात. गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर जुगाड करून सिलिंडर भरणे म्हणजे तेलाची वाफ माणसाच्या फुप्फुसात भरणे होय. इंजिनाचा धूर हवा ओढण्याच्या नळीजवळ आला तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्याला वास नसतो, आणि खोलवर तो माणसाला गप्पकन संपवितो. सिलिंडरची ठराविक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली तपासणी करावी लागते. तोंडात धरायच्या रेग्युलेटरची रबरी कडी झिजतात, खाऱ्या पाण्याने पितळ-पोलाद चावले जाते, प्रत्येक वस्तू रोज गोड्या पाण्याने धुवावी लागते. शिवाय होडीचे इंजिन, शिडी, पत्र्याचे मांडे, फाटलेले वेटसूट. रोहा, माणगाव, महाडच्या गॅरेजांत आपले जे मेकॅनिक, वेल्डर आणि टर्नर आहेत, त्यांच्या हाताला हे काम अवघड नाही. त्यांच्यापाशी नाही तो प्रमाणपत्राचा कागद. कंपनीकडून रीतसर शिकून आलेला एक मेकॅनिक पावसाळ्यात मालवण-गोव्याच्या केंद्रांची सारी यंत्रे तपासून देऊ शकेल, म्हणजे बुडी बंद असते तेव्हा त्याचा मोसम सुरू. त्याला नितळ पाण्याची गरजच नाही, तो मुरूडमध्ये बसून हा धंदा करील.

गढूळ पाण्यातही काम आहे, पण ते निराळे. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात १९८९ पासून जहाजे लागतात, आणि राजपुरीच्या खाडीवर दिघी बंदर आहे. जहाजाचा तळ, पंखा, धक्क्याचे खांब तपासायला पाणबुडे लागतात आणि ते चाचपडत काम करतात. मात्र पर्यटनाच्या स्कूबाचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही, त्याचे शिक्षण वेगळे, महाग आणि कठीण आहे. चार दिवसांचा कोर्स करून आलेल्या पोराला कोणी जहाजाखाली पाठवू लागला तर आई-बापांनी साफ नकार द्यावा.

सुरक्षिततेविषयी आम्ही जरा कठोर बोलणार आहोत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले. ही दुसरी दुर्घटना बुडी संपल्यानंतरची आहे, हे ध्यानात घ्यावे. होडीत माणसे मोजून घेणे, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असणे, वारा पाहून फेरी रद्द करणे, यात आमचे तांडेल कोणालाही शिकवतील. सुट्टीच्या गर्दीत "आणखी दोघे बसवा" म्हणणारे तांडेल सहसा नसतात, धक्क्यावर पैसे गोळा करणारे असतात.

पाण्याखालचे नियम मात्र नव्याने शिकावे लागतील. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो. तेथे छातीत भरलेली हवा श्वास रोखून वर आले तर फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाडते. म्हणून वर येताना श्वास कधी रोखायचा नाही आणि घाईने यायचे नाही. आपली पोरे लहानपणापासून श्वास रोखूनच बुडी मारतात. त्यांची ही चांगली सवयच सिलिंडरसोबत घातक ठरते. दमेकऱ्याला, कान फुटलेल्याला उतरवायचे नाही. बुडीनंतर १८ तास विमानात बसायचे नाही, हे गोव्याहून विमानाने परतणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, मग एक बुकिंग गेले तरी चालेल.

एक गोष्ट राहिली. कुटुंबे सुट्टीला येतात तेव्हा अनेक स्त्रिया पाण्यात उतरत नाहीत, कारण हात धरणारा पुरुष असतो. पोहण्यात तरबेज अशी आपली एखादी मुलगी हे शिकली तर तिच्याकडे रांग लागेल. हा विषय काढताच काही बुजुर्गांच्या कपाळाला आठी पडते. त्यांच्याशी वाद न घालता एवढेच विचारतो, की आपल्या घरच्या बायका बुडी मारू म्हणाल्या तर त्यांचा हात कोणी धरावा असे त्यांना वाटते?

हे सारे आम्ही त्या राजपुरीच्या तांडेलांशीही बोललो. त्यांचा नातू बारावी झाला आहे, त्याला तारकर्लीला जायचे आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "शिकून आला तर पगारावर लागेल की वाट्यावर?" आज तरी पगारावर, असे आम्हाला सांगावे लागले. "मग थांबू द्या त्याला," ते म्हणाले. आम्ही म्हटले, थांबवू नका. तो शिकेल तोवर इकडे होडीवाले दोन-तीन जण एकत्र बसवू. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण नातवाला म्हणाले, "पोहण्याचा दाखला काढून ठेव."

जून ते ऑगस्ट जंजिऱ्याच्या फेऱ्या बंद, होड्या वर ओढलेल्या. तेवढ्यात पोहण्याची तयारी, डॉक्टरांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग आणि इंग्रजी फॉर्म भरण्याचा सराव होऊ शकतो. ज्यांना भागीदारीत उतरायचे आहे त्यांनीही वाट्यांचा कागद याच महिन्यांत करावा. मोसम सुरू झाला की धक्क्यावर कोणाला बसायला फुरसत नसते.