मोहम्मऱ्याचा शेख आणि साम्राज्याचे अभयवचन

२०२५ च्या ९ सप्टेंबर रोजी इस्रायलने कतारची राजधानी दोहा येथे हवाई हल्ला केला. पश्चिम आशियातील अमेरिकेचा सर्वांत मोठा लष्करी तळ, अल् उदेद, त्या राजधानीपासून फार दूर नाही. ज्याच्या अंगणात जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे सैन्य मुक्कामाला आहे, त्याच्याच घरावर त्या राष्ट्राच्या मित्राने घाला घातला आणि अंगणातील पाहुणा पाहात राहिला! महिना उलटण्याच्या आत अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला आणि कतारवरील सशस्त्र हल्ला हा अमेरिकेच्या शांततेला व सुरक्षिततेला धोका मानला जाईल, असे जाहीर केले. दरम्यान १७ सप्टेंबरला सौदी अरेबियाने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार करून टाकला. अमेरिकेच्या शब्दावर विसंबून आपण निर्धास्त राहू शकत नाही, एवढे शेजाऱ्याच्या अनुभवावरून सौदी राजघराण्याला उमगले असावे. या घडामोडींचा अर्थ लावू लागलो, तेव्हा आम्हांला शंभर वर्षांपूर्वीच्या एका अरब शेखाची आठवण झाली. आज तो जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. परंतु बड्या राष्ट्राने दिलेल्या अभयवचनाचे मोल काय असते, हे त्याच्या कहाणीइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

कारून नदी शत्-अल्-अरबला जेथे मिळते, तेथे मोहम्मरा नावाचे बंदर होते. आज ते इराणमध्ये खुर्रमशहर या नावाने ओळखले जाते. तेथील बनू काब या अरब टोळीचा प्रमुख शेख खझल हा १८९७ मध्ये भावाच्या खुनानंतर गादीवर आला. कायद्याने तो इराणच्या शहाचा प्रजाजन. परंतु तेहरान दूर होते, शहाचा खजिना रिकामा होता आणि शेखाच्या मुलखात शेखाचाच शब्द चाले. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे खनिज तेल सापडले आणि या आडबाजूच्या शेखाला एकाएकी जागतिक राजकारणात महत्त्व आले. तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यासाठी अबादान बेटावर जागा हवी होती आणि ते बेट शेखाच्या ताब्यात होते. १९०९ च्या जुलैमध्ये बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेंट पर्सी कॉक्स यांनी शेखाशी करार केला. वार्षिक ६५० पौंड भाड्याने जमीन मिळाली आणि जगातील एका प्रचंड तेलशुद्धीकरण कारखान्याचा पाया घातला गेला.

जमीन मिळाली, आता जमीनमालकाची मर्जी राखणे आले. १९१० मध्ये शेखाला हिंदी साम्राज्याचा ‘नाईट कमांडर’ हा किताब बहाल करण्यात आला आणि त्याबरोबर एक लेखी आश्वासनही हाती पडले. इराणच्या सरकारने शेखाच्या अधिकारक्षेत्रावर, मान्य हक्कांवर किंवा मालमत्तेवर आक्रमण केल्यास समाधानकारक तोड निघावी म्हणून आवश्यक तो पाठिंबा ब्रिटिश सरकार देईल, असा त्याचा आशय होता. महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये हे वचन अधिक भारदस्त शब्दांत पुन्हा देण्यात आले. शेखाने त्यातील ‘पाठिंबा’ हा शब्द वाचला आणि तो निश्चिंत झाला. पण त्याच कागदात अटीही होत्या. शेखाने मध्यवर्ती सरकारविषयीची आपली कर्तव्ये पाळली पाहिजेत, ब्रिटिशांच्या सल्ल्याने चालले पाहिजे आणि त्यांच्याशी समाधानकारक वर्तन ठेवले पाहिजे. कर्तव्य पाळले की नाही हे ठरवणार कोण, समाधान व्हायचे कोणाचे, याचा निवाडा मात्र वचन देणाऱ्याच्याच हाती राहिला. मुत्सद्द्यांच्या भाषेत दार उघडताना मागची खिडकीही उघडी ठेवलेली असते, ती अशी!

शेखाने आपला शब्द पाळला. तुर्की खलिफाने जिहादची हाक दिली तेव्हा तो तिकडे गेला नाही. तो इंग्रजांच्या बाजूला उभा राहिला. मुंबईहून निघालेली हिंदी फौज ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाव येथे उतरली, तिचा एक प्रमुख हेतू हे तेल सुरक्षित राखण्याचा होता. त्या फौजेतील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. आमच्या सह्याद्रीच्या कुशीतील किती तरुणांची माती तैग्रिस नदीच्या काठी झाली, हे कूतच्या वेढ्याचा इतिहास वाचणारांस ठाऊक आहे. शेखाशी केलेल्या सौद्याची किंमत अशा रीतीने आपल्याही माणसांनी मोजली.

युद्ध संपले आणि वारे फिरले. १९२१ मध्ये रझा खान या लष्करी अधिकाऱ्याने तेहरानमध्ये सत्ता हस्तगत केली, १९२३ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि दूरदूरच्या टोळीप्रमुखांना वठणीवर आणू लागला. तेहरानमधील ब्रिटिश वकील सर पर्सी लोरेन यांनी हिशेब मांडला. उत्तरेकडून बोल्शेविक रशियाचे सावट. त्याला अडवायचे तर इराणमध्ये एकमुखी, बळकट राज्य हवे. तेलाची मूळ सनद तर १९०१ मध्ये तेहरानच्याच सरकारने दिलेली होती. मग शेख हवा कशाला? १९२४ मध्ये शेखाने बंडाचा झेंडा उभारला, तेव्हा ब्रिटिशांनी त्याला सबुरीचा व शरणागतीचा उपदेश केला. शेखाने तो मानलाही. १९२५ च्या एप्रिलमध्ये त्याच्याच नौकेवर त्याला अटक करून तेहरानला नेण्यात आले. ब्रिटिशांनी मवाळ शब्दांत नापसंती दर्शवली. शेख पुन्हा आपल्या मुलखात आला नाही. १९३६ मध्ये तेहरानमधील स्थानबद्धतेतच त्याचा संशयास्पद मृत्यू झाला. गरज सरो, वैद्य मरो!

शेख खझल हा काही साधुपुरुष नव्हता आणि आम्हांला त्याचे गोडवे गावयाचे नाहीत. आपल्या देशाच्या एका प्रांतात परकीयांच्या आश्रयाने वेगळे राज्य थाटणारा सरदार इराणी देशभक्तांना खुपला, यात नवल ते काय? आमचा आक्षेप वेगळा आहे. एका सार्वभौम राज्याच्या प्रजाजनाला त्याच राज्याविरुद्ध संरक्षण देण्याचे वचन मुळातच न निभावणारे होते आणि ते देणाऱ्यांना हे कळत होते. तरीही ते दिले गेले, कारण त्या घडीला अबादानची जमीन हवी होती. वचनाच्या जोरावर शेखाने तेहरानशी वेळीच तडजोड केली नाही. ते नसते तर तो कदाचित नमला असता आणि वाचलाही असता. पोकळ अभयवचन केवळ निरुपयोगी ठरत नाही. ते ज्याला मिळते त्याची सावधगिरी हिरावून घेते.

काही वचने पाळली गेली, असे कोणी म्हणेल. कुवेतच्या शेख मुबारकने २३ जानेवारी १८९९ रोजी ब्रिटिशांशी गुप्त करार केला. त्यापोटी त्याला पंधरा हजार रुपये मिळाले. १९६१ मध्ये इराकने कुवेतवर हक्क सांगताच ब्रिटिश सैन्य धावून आले, हेही खरे. परंतु १९२२ मध्ये उकैर येथे सीमा आखताना त्याच कॉक्स यांनी कुवेतने आपला मानलेला मोठा मुलूख इब्न सौदच्या पदरात टाकला होता. मग १९६१ मध्ये तेवढी तत्परता का? कुवेतचे तेल तेव्हा ब्रिटनच्या अर्थव्यवहाराचा आधार होते म्हणून. दहाच वर्षांनी रास-अल्-खैमाच्या शेखाला निराळा अनुभव आला. त्याच्याशी असलेले ब्रिटनचे संरक्षणबंधन संपण्यास एक दिवस उरला असताना, ३० नोव्हेंबर १९७१ रोजी, इराणी सैन्याने तुंब बेटे घेतली आणि ब्रिटिश आरमार स्वस्थ राहिले. करारपत्र जिवंत होते. हितसंबंध मात्र आदल्या दिवशीच मेले होते.

हा न्याय बलिष्ठांनाही सुटत नाही. शेखाला कैद करणारा रझा खान पुढे शहा झाला. १९४१ मध्ये ब्रिटन व रशियाने त्यालाच पदच्युत केले. त्याला घेऊन निघालेले जहाज मुंबईच्या किनाऱ्यापाशी आले, पण त्याला उतरू न देता मॉरिशसला धाडण्यात आले. १९४४ मध्ये जोहान्सबर्ग येथे परक्या भूमीत तो वारला. आणि गोमंतकीयांना तर दूरचे उदाहरण नकोच. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने शतकानुशतकांच्या मैत्रीची आठवण देऊन ब्रिटनकडे साहाय्य मागितले, तेव्हा राष्ट्रकुलातील भारताविरुद्ध आपण काय करू शकतो याला मर्यादा आहेत, असे उत्तर त्याला मिळाले. ते वचन फोल ठरले याचा आम्हांला आनंदच आहे. पण आनंद झाला म्हणून त्यातील धडा बदलत नाही.

कतारला मिळालेले आश्वासन हा अमेरिकेच्या सिनेटने संमत केलेला तह नव्हे. तो अध्यक्षांचा आदेश आहे आणि एका अध्यक्षाने सही केलेला आदेश पुढचा अध्यक्ष एका सहीने रद्द करू शकतो. शेखाच्या हातातील पत्राशी त्याचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. आखाती राजघराण्यांनी काय करावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र कुवेतपासून मस्कतपर्यंत पसरलेल्या नोकऱ्यांवर आमच्या गोव्यातील व कोकणातील कित्येक घरांची चूल पेटते. १९९० मध्ये सद्दाम हुसेनचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले, तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांपुढे कोणाचेही अभयवचन उभे राहिले नाही. एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांना अम्मानमार्गे आपल्याच विमानांनी मायदेशी आणावे लागले.

तेव्हा आखातातील शांतता महासत्तेच्या शब्दावर टिकेल, असे गृहीत धरून स्वस्थ बसणे आपल्या सरकारांना परवडणारे नाही. आपली माणसे कोठे व किती आहेत याची अद्ययावत नोंद, संकटकाळी त्यांना परत आणण्याची तयार योजना आणि परतलेल्यांना उभे राहण्यासाठी हात, एवढे तरी शांततेच्या काळातच सिद्ध असले पाहिजे. शेख खझलने आपला कागद जपून ठेवला होता. अटकेच्या रात्री तो त्याच्या उपयोगी पडला नाही.