रुग्णालयातून घरी, पण पुढे?

अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण काही दिवसांत रुग्णालयातून घरी येतो आणि आजारपण खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू होते. दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवणे, नळीवाटे अन्न देणे, पाठीला जखमा होऊ न देणे ही कामे औषधांइतकीच महत्त्वाची. आपल्या आरोग्यव्यवस्थेत मात्र ती कोणाचीच जबाबदारी नाही. ती पडते घरातल्या पत्नीवर, सुनेवर वा मुलीवर. ज्यांना परवडते ते ब्युरोमार्फत 'बाई' ठेवतात. तिचे प्रशिक्षण किती, याची चौकशी क्वचितच होते.

याचे मूळ पैशाच्या वाटपात आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते आणि घरी सोडल्यानंतर फार तर पंधरा दिवसांचा. २०२४ मध्ये ती सत्तरीपुढील सर्वांना खुली झाली, हे स्वागतार्हच. परंतु कंपवाताने जखडलेल्या वृद्धाला रुग्णालयातील खाट नको असते. सकाळी अंघोळीला हात देणारे माणूस हवे असते. तेवढे मिळाले तर तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने राहू शकतो.

कायदा याबाबतीत व्यवस्थेच्या पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया यांचा समावेश दिव्यांगत्वात केला. त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आणि घरी मिळणारे साह्य यांचा उल्लेख आहे, तर चोविसाव्या कलमात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा. मात्र भत्त्याची ही तरतूद सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत अमलात आणायची आहे. ही मर्यादा कोणी आखायची, हे सुज्ञांस सांगणे न लगे!

केरळने निराळी वाट धरली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात कर्करुग्णांच्या वेदनाशमनासाठी सुरू झालेल्या कामाला पुढे गावोगावचे स्वयंसेवक मिळाले. २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात उतरवले. परिणामी परिचारिका घरोघर जाते. कर्करोगाच्याच नव्हे, तर पक्षाघात झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडेही. काळजी घेणाऱ्या नातलगासाठी 'आश्वासकिरणम्' योजनेत दरमहा ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम तुटपुंजी खरी, पण घरातील सेवेला काही मोल असते हे तिने सरकारी दप्तरी नोंदवले.

केरळची स्वयंसेवी परंपरा मुंबई-पुण्यात उचलून आणता येणार नाही. येथे शेजार बंद दाराआड असतो. तरीही महापालिकांकडे दवाखाने आहेत, आरोग्यसेविका आहेत. त्यांच्या फेऱ्या मुख्यतः माता-बालके, लसीकरण आणि क्षयरोगासाठी असतात. त्यात अंथरुणाला खिळलेल्यांची प्रभागवार यादी आणि प्रशिक्षित परिचारिकेची ठरावीक भेट जोडणे अशक्य नाही. अर्थात, आधीच राबणाऱ्या सेविकांवर ते मानधनाविना लादता कामा नये. ब्युरोंची नोंदणी, मदतनिसांचे प्रशिक्षण आणि वेतन हे प्रश्नही त्याच जोडीने सोडवावे लागतील. बारा तासांची पाळी करून थकलेली बाई रात्री दोन वाजता रुग्णाला कुशीवर वळवायला उठेलच, असे नाही.