शेजाऱ्यांतील मोठा देश

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. तेथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. शेजारच्या देशांत एखाद्या देशाचा शब्द कशामुळे चालतो, हे त्यांच्या कारकिर्दीवरून चांगले समजते.

१९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात भारताला हार पत्करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या काळात सैन्य वाढले, डोंगरी लढाईची तयारी झाली. १९६५ च्या युद्धात त्याचा उपयोगही झाला. पण त्याच सुमारास आपण अमेरिकेचा गहू मागवून खात होतो! ज्याच्या घरात धान्य नाही, त्याचे कोण ऐकणार? म्हणून शेती, वीज, कारखाने हीसुद्धा देशाची ताकदच होय.

१९७४ साली चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. तोपर्यंत बांगलादेशचे युद्ध जिंकून झाले होते, पोखरणला अणुचाचणीही झाली होती. शेजाऱ्यांना भारताचा धाक वाटू लागला होता. पण धाकाने शेजारी गप्प बसतो, सोबत येत नाही. सोबतीसाठी बोलावे लागते. १९७६ साली भारत आणि चीन यांनी पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवले. पाकिस्तानशी तुटलेले संबंधही त्याच वर्षी जुळले आणि समझोता एक्सप्रेस लाहोरकडे धावू लागली. दोन्हीकडचे नातेवाईक तिने भेटीला जात. माझ्या मते त्या गाडीचे मोल रणगाड्यांपेक्षा कमी नव्हते. २०१९ साली ती बंद पडली.