स्क्रूला पेटंट आहे म्हणे! मग बिलात त्याचं नाव का नाही?

गेल्या आठवड्यात भाईंदर पश्चिमेचे ओळखीचे एक रिक्षावाले काका बिल घेऊन घरी आले. क्रिकेट खेळताना पोराच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बिलाची पानं सात. सुई, कापूस, हातमोजे, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. आणि सगळ्यात मोठी रक्कम ज्या ओळीत, तिथे फक्त तीन शब्द: 'इम्प्लांट व साहित्य'. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, स्टिकर नाही. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, इम्पोर्टेड आहे, पेटंटवालं आहे, त्याला तेवढे लागतातच."

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. हे एका इमारतीचं दुखणं असतं तर लिहिलं असतं.

आता त्या तीन शब्दांत काय असतं ते बघा. लिगामेंटच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा रुग्णाच्याच पायातला स्नायूबंध काढून त्याची नवी दोरी करतात. म्हणजे मुख्य माल आपलाच, फुकटचा! पैसे लागतात ते ती दोरी हाडाला बांधून ठेवायला. वरच्या टोकाला मांडीच्या हाडाबाहेर अडकणारं धातूचं छोटं बटण, खाली नडगीच्या हाडात स्क्रू. खांद्याच्या ऑपरेशनला हाडात बसवायचे धाग्याचे अँकर. अँकर आत ढकलायचा दांडा बऱ्याचदा त्याच पाकिटात येतो, एकदा वापरला की कचऱ्यात. या वस्तू उपयोगाच्या आहेत, त्यांच्यामुळेच मोठी चीर टळते. कल्पना लढवणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो 'पेटंट' हा शब्द काउंटरवर ढालीसारखा वापरण्याबद्दल. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे ऑपरेशनच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही, उपकरणाला मिळतं. तेही २० वर्षांपुरतं. आणि पेटंट कार्यालय बघतं काय, तर वस्तू नवी आहे का, त्यात कल्पकता आहे का, उद्योगात वापरता येईल का. ती जुन्या स्क्रूपेक्षा चांगली धरते का, हे तिथे कुणी तपासत नाही. पेटंट म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे आणि दरपत्रक तर नव्हेच नव्हे.

दराचं म्हणाल तर सरकारने मनात आणलं की होतं. १३ फेब्रुवारी २०१७ ला एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने, औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. त्याआधी हेच स्टेंट लाखाच्या वर जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याला लगाम लागला, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. कंपन्यांनी तेव्हाही आमचं तंत्रज्ञान नवं आहे, वेगळा दर द्या म्हणून ओरड केली होती. स्टेंटच्या आदेशात आणखी एक कामाची अट होती: बिलात स्टेंट वेगळा दाखवा, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबरसकट.

पण लिगामेंटच्या बटणाला, खांद्याच्या अँकरला अशी कमाल किंमत नाही. छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढंच बंधन. सुरुवातीची किंमत किती छापायची? ते कंपनीने ठरवायचं! दाराला कुलूप, खिडकी उघडी. २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता.

कुणी म्हणेल, पैशाचं सोडा हो, पोरगा चालायला लागला ना? त्यांनी जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर खुबा आठवावा. नवं डिझाइन म्हणून विकला गेला. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. आपल्या राज्याच्या एफडीएने, महेश झगडे आयुक्त असताना, हा विषय लावून धरला, माहीम पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. तरी केंद्राची तज्ज्ञ समिती नेमायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात कित्येक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. उद्या असाच एखादा अँकर परत बोलावला, तर काकांच्या पोराला कोण कळवणार? त्याच्या हाडात कुठल्या कंपनीचा, कुठल्या बॅचचा तुकडा आहे हे त्याच्या कागदावरच नाही!

म्हणून माझा सवाल महापालिकेच्या आरोग्य विभागाला आहे. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी तुम्ही करता. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. मीरा रोड ते उत्तन किती ठिकाणी लागलंय, हे जाहीर करा. नोंदणीचं नूतनीकरण करताना दहा बिलं काढून बघा, इम्प्लांटची ओळ कशी लिहिलीय ते. आणि केंद्राने सांध्याला दर लावला तसा त्याला धरणाऱ्या, आत नेणाऱ्या अख्ख्या सेटला लावावा.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सांगून ठेवा: पाकिटावरचं स्टिकर फाईलला लावा, एक आम्हाला द्या. ओटीत ती स्टिकरं पाकिटातच असतात, मागायला पैसे पडत नाहीत. छापील किमतीचा फोटो घ्या. दर ठरलेल्या वस्तूला जास्त लावले तर एनपीपीएकडे तक्रार करता येते.

काकांनी परवा पुन्हा जाऊन स्टिकर मागितलं. "फाईल रेकॉर्डला गेली, सोमवारी या" असं सांगितलंय. सोमवारी मी सोबत जातोय. तुमच्याकडे अशी बिलं असतील तर रुग्णाचं नाव झाकून इनबॉक्सला पाठवा.