यादीत दर आहेत, मृत्यूचा आकडा कुठे आहे?

छातीत कळ येते, तपासण्या होतात आणि बायपाससाठी रेल्वेचे इस्पितळ बाहेरच्या संलग्न इस्पितळाचे रेफरल पत्र हातात ठेवते. टपाल खात्यातला आपला बांधव सीजीएचएसच्या यादीवर बोट फिरवतो. यादीत नाव आहे, पत्ता आहे, ठरलेला दर आहे. तिथे गेल्या वर्षी बायपासचे किती रुग्ण दगावले, हे मात्र नाही. गाडी किती मिनिटे उशिरा आली याचा हिशेब ठेवणारे सरकार ज्या इस्पितळाची बिले भरते, त्याला हा आकडा विचारत नाही!

हे अशक्य आहे काय? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून प्रत्येक बायपासची नोंद मागवली आणि १९९० च्या डिसेंबरात इस्पितळवार मृत्यूदर जाहीर केले. १९८९ ते १९९२ या काळात तिथले प्रमाण ३.५२ टक्क्यांवरून २.७८ टक्क्यांवर आले. श्रेय सगळे प्रसिद्धीचे नव्हे. आकडे न छापणाऱ्या मॅसॅच्युसेट्समध्येही मृत्यू घटले. पण आकडे दडवल्याने काय होते ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलने दाखवले. तिथे तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांबद्दल स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षे इशारा देत होते. अखेर त्यांनाच देश सोडून ऑस्ट्रेलियात जावे लागले. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुले अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असे २००१ च्या चौकशी अहवालाने सांगितले.

डॉक्टरांचा आक्षेप असा, की आकडे छापले तर अवघड रुग्ण कोणी हाती घेणार नाही. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे दोनतृतीयांश शल्यविशारदांनी १९९६ च्या पाहणीत अशी कबुलीच दिली होती. आणि अवघड रुग्ण म्हणजे कोण? तीस वर्षे रुळांवर घाम गाळलेला, मधुमेह जडलेला आपला गँगमन! शेवटच्या स्टेशनाआधी वेळापत्रकात जादा मिनिटे घालून गाडी ‘राइट टाइम’ कशी करतात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून नुसता मृत्यूदर नको. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची ताकद यांचा हिशेब धरून काढलेला दर हवा. न्यूयॉर्कने तसाच काढला होता. शिवाय किती रुग्ण परत पाठवले, तेही छापले पाहिजे.

मात्र एकेकट्या डॉक्टरचे नाव छापण्यास आमचा विरोध आहे. न्यूयॉर्कमध्ये एका वृत्तपत्राने कोर्टात जाऊन १९९१ साली ती नावे बाहेर काढली. वर्षाला शंभर शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातून दोन दगावले की चार, यातला फरक नुसता योगायोगाचाही असू शकतो. आणि अपघात झाला की पॉइंट्समनला चार्जशीट देऊन वरचे साहेब मोकळे होतात, हा अनुभव असलेल्या आम्ही तोच न्याय शल्यविशारदाला कसा लावावा? परिचारिका पुरेशा होत्या काय, रात्री अतिदक्षता विभागात कोण होते, याचा जाब व्यवस्थापनाने द्यावा.

रेल्वेच्या बांधवांनी पीएनएममध्ये आणि टपालच्या बांधवांनी जेसीएममध्ये एकच मुद्दा मांडावा: संलग्नतेच्या करारात हे आकडे दरवर्षी जाहीर करण्याची अट घाला, आणि सुरुवात रेल्वेच्या स्वतःच्या इस्पितळांपासून करा.