देवघेवीचा संगणक अडला, तर दंड कुणी भरायचा?

संगणकावर ‘पुस्तक येणे बाकी’ असे दिसते आणि वाचक सांगतो, मी तर सोमवारीच परत केले. अशा वेळी आपण कुणाचे खरे मानतो? बहुतेक वेळा संगणकाचे. बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न छोटा नाही, कारण इथे ग्रंथालयात येणारा पुष्कळदा स्पर्धा परीक्षेची पुस्तके विकत घेऊ न शकणारा मुलगा किंवा मुलगी असते. अनामत अडकली की तिचे वाचन तिथेच थांबते.

अनामत हा शब्द अरबी ‘अमानत’वरून मराठीत आला आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू, ती जशीच्या तशी परत करायची. वाचकाने पुस्तक परत करायचे, तसे ग्रंथालयानेही त्याने ते परत केल्याची नोंद सांभाळायची. दोन्ही बाजूंनी अमानतच.

आता यंत्राकडे पाहू. ग्रंथालयांसाठी कोहा नावाची मोफत प्रणाली आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ती तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत कामाला लागली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट चांगली आहे, पण ती एकाच जुन्या संगणकावर चालवायची तर डेटाबेस, वेब सर्व्हर आणि शोधसूची हे सगळे एकाच वेळी मेमरीत बसावे लागते. दोन जीबीत ते कसेबसे बसते. सकाळी सगळे सुरळीत असते. दिवसभर काम करताना प्रक्रिया फुगत जातात, म्हणून ठरावीक विनंत्यांनंतर जुनी प्रक्रिया बंद करून नवी सुरू करण्याची सोय कोहातच आहे. तरीही मेमरी पुरती संपली, तर लिनक्स स्वतःच एखादा मोठा प्रोग्राम बंद पाडते आणि तो बहुधा डेटाबेस असतो. नेमक्या त्या क्षणी परत आलेले पुस्तक कपाटात जाते, नोंद मात्र होत नाही.

यावर कुणी म्हणेल, मराठी-उर्दू नावे इंग्रजी अक्षरांत भरा, म्हणजे जागा वाचेल. हा हिशोब एकदा मांडून पाहावाच. युनिकोडच्या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूला २, देवनागरीला ३. चाळीस अक्षरांचे नाव देवनागरीत १२० बाइट. दहा हजार पुस्तकांची नावे मिळून १२ लाख बाइट, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही कमी. एवढ्यासाठी उर्दूची लिपी सोडायची? बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. घराघरांतून उर्दू पुस्तके ग्रंथालयांकडे येतात. ती रोमनमध्ये नोंदली की एक जण ‘शेख’ एका स्पेलिंगने शोधतो, दुसऱ्याने भरलेले असते वेगळ्याच स्पेलिंगने. पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे होते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. संगणकात मेमरी वाढवावी. ते होईपर्यंत समांतर चालणाऱ्या प्रक्रिया कमी कराव्यात, शोधसूची नव्याने बांधायचे आणि मोठे अहवाल काढायचे काम ग्रंथालय बंद झाल्यावर करावे. मेमरीची पट्टी काही हजारांत येते. पण अनुदानातून पुस्तके, पगार, वीज भागवताना ती खरेदी मागे पडते, आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाकडे तर संगणक सांभाळणारा माणूसही नसतो. महाराष्ट्राने १९६७ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. संगणकीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांनी देखभालीचा खर्च वेगळा द्यायला हवा, ग्रंथपालाच्या माथी मारू नये.

तोवर जुने रजिस्टर माळ्यावर टाकू नका. परतीच्या वेळी तारीख घालून वाचकाची सही घ्या, त्यालाही चिठ्ठी द्या. आणि संगणक त्या दिवशी बंद पडला असेल, तर त्या तारखेच्या नोंदीवरून कुणाकडूनही दंड घेऊ नका.